शेषराव तायड्यांचा बहुउपयोगी सर्व्हर

शेषराव तायड्यांनी तीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात काढली. अकोला जिल्ह्यातलं असं गाव नसेल, जिथल्या खांबावर ते चढले नाहीत. कुणाचं लग्न त्यांनी जोडलेल्या तारेवरून ठरलं, कुणाच्या बाळंतपणाची खबर त्याच तारेवरून माहेरी गेली. त्यामुळे तारेला तार जोडली की माणसाला माणूस जोडला जातो, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. ती मोडायला एक जुना कॉम्प्युटर, एक कूलर आणि पाऊण वर्ष लागलं.

कॉम्प्युटर घरचाच होता. मुलगा स्वप्निल कॉलेजात असताना घेतलेला. स्वप्निल पुढे पुण्याला नोकरीला लागला, त्याने लॅपटॉप घेतला, आणि हे धूड अकोल्यात आईबापांपाशी राहिलं. मैनाबाईंनी, म्हणजे शेषरावांच्या पत्नीने, त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला, रुमालावर प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ ठेवला, आणि अशा रीतीने कॉम्प्युटरची टीपॉयच्या पदावर बदली झाली. सहा वर्षं त्याने ती नोकरी विनातक्रार केली.

दोन हजार चौदाची संक्रांत झाली आणि वलगावहून जमुनाबाईचा फोन आला. ही शेषरावांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा शेषरावांना कडेवर घेऊन वावरात जाणारी. आता तिने सत्तरी ओलांडली होती.

"शेषा, तुले तारा-बिरा जोडता येते ना रे?"

"येत होतं. आता रिटायर झालो ना बाई."

"हात त हायेत ना अजून? आमचे गाने कुठी भरून ठेवता येतीन का, पाय ना."

जमुनाबाईची गाणी म्हणजे जात्यावरची, निंदणाची, कापूस वेचणीची. काही तिला तिच्या सासूकडून आली होती, काही तिच्या तोंडून आपोआप निघाली होती, आणि कोणती कुठली हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. लिहिता तिला येत नव्हतं. "निंदाले आता बाया लागत नाईत," ती सांगू लागली. "तननाशकाचा फवारा मारला का झालं. जातं परसात उलटं पडलं हाय, त्याच्यावर कोंबडी बसते. गानं म्हनाले हाताले काम पायजे ना रे. आता मी आन जयवंता बाजेवर बसून म्हनतो, त पोरं हासते."

जयवंता ही जमुनाबाईची धाकटी जाऊ. चार वर्षांच्या अंतराने दोघी एका घरात नांदायला आल्या, आणि पुढे पन्नास वर्षं एका जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात राहिले. एकीने ओळ उचलायची, दुसरीने झेलायची. जमुनाबाई उचलायची. तिचा आवाज उन्हासारखा खडखडीत. जयवंता झेलायची. तिचा आवाज खाली, ओलसर, कापसाच्या सरीत सकाळी दव असतं तसा. वेचणीला बाया जायच्या, तेव्हा कोणत्या वावरात कापूस भरपूर फुटला आहे हे या दोघींच्या गाण्यावरून बांधावर कळायचं, असं जुने लोक सांगत.

"बाई, तुमच्या दोघींचं एकूण एक गानं मी कायमचं ठेवतो," शेषरावांनी शब्द दिला.

"मंग कदी येतं?"

"पयले जागा तयार करतो. जागा झाली का आलोच."

ही जागा त्यांना त्याच रविवारी सापडली. वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख होता, जुना कॉम्प्युटर फेकू नका, त्याचा घरचा सर्व्हर करा. सर्व्हर म्हणजे चोवीस तास जागा राहणारा कॉम्प्युटर. त्यावर गाणी ठेवा, फोटो ठेवा, घरातल्या कुठल्याही फोनवरून ते उघडा. आणि या सगळ्यासाठी लागणारी लिनक्स नावाची प्रणाली फुकट मिळते. शेषरावांनी लेख तीनदा वाचला आणि पुण्याला फोन लावला.

"बाबा, एवढं कशाला?" स्वप्निल म्हणाला. "मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. मी ठेवतो जपून."

शेषरावांच्या मनाला हे लागलं. ज्या माणसाने पुरात वाहून गेलेली सतरा खांबांची लाइन दोन दिवसांत उभी केली, त्याला त्याचा मुलगा सांगतो की बटण दाबा आणि मला पाठवा! त्यांनी फोन ठेवला आणि मैनाबाईंना सुनावलं, "तुह्या पोराले कामाची लाज वाटते."

"मले फुलदानी कुठी ठेवू ते सांगा," मैनाबाई म्हणाल्या.

धूड रिक्षात घालून शेषराव अब्दुल गफ्फारच्या दुकानात गेले. गफ्फारभाई रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करत. खात्यातल्या जुन्या फोनचे सुटे भाग शेषराव त्यांना आणून देत, तेव्हापासूनची दोस्ती. त्यांची मुलगी कहकशाँ मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. लिनक्स टाकणारी तीच.

कहकशाँने झाकण उघडलं. आत पालीची दोन अंडी आणि सहा वर्षांची धूळ निघाली. "चाचा, गाने कितने हैं?" तिने विचारलं.

"शंभर-सव्वाशे असतीन."

"इतने तो मेरे मोबाईलमध्येपण मावतील. असं करू, येत्या इतवारी मी तुमच्यासोबत वलगावला येते. आधी गाणी आणू. सर्व्हर बादमें आरामात करू."

याहून सरळ गोष्ट त्या पाऊण वर्षात कुणी बोललं नाही. पण शेषराव हसले. वडीलधारी माणसं लहानांच्या समजुतीवर हसतात तसं.

"बेटा, पाव्हने बोलवाच्या पयले घर सारवा लागते."

"देखा?" गफ्फारभाई मुलीला म्हणाले. "पुराने लोग हैं. काम पक्कं करतेत." आणि आपल्याला कुणी पक्कं म्हटलं की माणूस त्या पक्केपणाखाली दबतो, याचा अनुभव शेषरावांना त्या दिवसापासून यायला लागला.

लिनक्स चढायला घेतलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धो धो पडू लागली आणि खाली टक्केवारीची पट्टी सरकायला लागली. त्रेचाळीस टक्क्यांवर ती अडली. शेषराव, गफ्फारभाई आणि चहा घेऊन आलेला हॉटेलवाला, तिघेही श्वास रोखून त्रेचाळीसकडे बघत असताना वलगावहून फोन आला.

"शेषा, एक नवं आठोलं. आयक. जयवंता, ये इकडं, फोनाजोळ ये."

आणि दोघींनी फोनवर म्हणायला सुरुवात केली. जमुनाबाईने उचललं, येचता येचता कापूस बाई, भरली माही ओटी. मागून जयवंताने झेललं. शेषराव फोन कानाला लावून "हो, हो, लय भारी" म्हणत होते आणि पट्टीकडे बघत होते. चव्वेचाळीस झालं. दुकानात टाळ्या पडल्या.

"आवडलं का रे?" फोनमधून जमुनाबाईने विचारलं. तिला त्या टाळ्या आपल्यालाच वाटल्या.

"बाई, तू सोन्यावानी म्हनतं. बस, पंधरा दिवस थांब."

सर्व्हर घरी आला. मैनाबाईंना लिनक्स समजावून सांगताना शेषरावांची जीभ मोकळी सुटली. "हे कोना एकाचं नाई. जगातल्या लोकायनं थोडं थोडं जोडत नेलं आन कोनी मालकी नाई सांगितली. जात्यावरच्या ओव्यावानी." ही उपमा त्यांना स्वतःलाच इतकी आवडली की ती त्यांनी कॉलनीत चौदा घरी सांगितली.

मालकी कुणाची नसली तरी सत्ता एकाची होती. त्या मशीनवर 'रूट' नावाचा एक मुख्य असतो आणि त्याच्या परवानगीशिवाय पान हलत नाही, असं निघालं. रूटचा पासवर्ड कहकशाँकडे. शेषराव साधे रहिवासी. ते काहीही करायला गेले की पडद्यावर इंग्रजीतून परवानगी नाकारल्याचं उत्तर यायचं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कॉम्प्युटरवर, स्वतःच्या चष्म्यातून माणसाने रोज हे वाचायचं म्हणजे काय होत असेल!

"माह्याच घरात मले परवानगी नाई," ते म्हणाले.

"सवय व्हाले पायजे होती," मैनाबाई म्हणाल्या.

आता घरात सर्व्हर आल्याची बातमी लपून राहत नाही. चौदा घरी उपमा सांगितली होती, त्या चौदाही घरांतून माणसं बघायला आली. शेजारचे भगवंतराव तहसीलमधून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसून विचारलं, "याच्यात अर्ज राहतात काय?"

"सगळं राहते."

"मग माझे ठेवा." भगवंतरावांनी नगरपालिकेपासून दिल्लीपर्यंत वीस वर्षांत केलेल्या अर्जांच्या प्रती त्यांच्याकडे नऊ गठ्ठ्यांत होत्या. त्या स्कॅन करायला शेषरावांना मार्च लागला. मग पुंजाराम आले. कॉलनीत नळ पाचव्या-सहाव्या दिवशी यायचा, आणि कोणत्या गल्लीला कधी हे एकट्या पुंजारामांना कळायचं, कारण व्हॉल्व्ह फिरवणारा त्यांचा साडू होता. दिवसभर दारात विचारणाऱ्यांची रीघ. "तुमच्या त्या डब्ब्यावर नळाचा टाइम टाकता येईन का भाऊ? लोकं आपापल्या फोनात पाहतीन. मले जेवू त द्या सुखानं." कहकशाँने एक पान करून दिलं. झालं. गाण्यांसाठी सारवलेल्या घरात पहिलं बिऱ्हाड अर्जांचं आलं आणि दुसरं पाण्याचं. पाठोपाठ कुणाच्या लग्नाचा साडेतीन तासांचा व्हिडिओ आला, विहाराच्या वर्गणीदारांची यादी आली, मैनाबाईंच्या बहिणीने मोर्शीहून पाठवलेले संत्र्याच्या बागेचे दोनशे फोटो आले, त्यात एकशे ऐंशी एकाच झाडाचे. शेषराव सर्व्हरला आता 'बहुउपयोगी' म्हणू लागले.

आणि वलगावला? मार्चमध्ये गारा पडल्या. जमुनाबाईचा फोन आला. "गहू झोपला रे सगळा. जयवंताच्या दारचा निंब उघडा झाला. तिले खोकलाय जरासा. पन तू ये, आमी म्हनतो."

"बाई, फोनची लाइन तेवढी खराब लागली. थे झालं का निंगालोच."

लाइन खरंच खराब होती. बाहेरगावच्या लोकांना, म्हणजे स्वप्निलला पुण्यात आणि जमुनाबाईच्या नातवंडांना वलगावात, गाणी ऐकता यावीत म्हणून इंटरनेट धड हवं होतं, आणि ते तासातासाला तुटायचं. शेषराव आपल्या जुन्या ऑफिसात गेले. जिथे त्यांनी तीस वर्षं सही केली, तिथे आता खिडकी होती. खिडकीमागे एक नवा माणूस.

"ग्राहक क्रमांक?"

"मी तायडे. शेषराव तायडे."

"नाव नाही, क्रमांक."

"अरे बाप्पा, ज्या खुर्चीवर तू बसला, तिच्या मांगची केबल म्या टाकली."

"मग तुम्हाला माहीतच असेल," तो माणूस गोड आवाजात म्हणाला, "तक्रारीचा फॉर्म शेजारच्या खिडकीत मिळतो."

फॉर्म भरला. त्यावर 'तक्रारीचे स्वरूप' अशा ओळीत तीन शब्दांची जागा होती. शेषरावांनी मागच्या पानावर बिघाडाचं निदान आकृतीसह लिहून दिलं. तीन आठवडे कुणी आलं नाही. बिघाड कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं, पानटपरीमागच्या केबलच्या पेटीत. एका सकाळी ते जुना पाना घेऊन गेले आणि पेटी उघडून बसले. हात आपोआप चालू लागले. लाल-पांढरी, निळी-पांढरी. एवढा आनंद त्यांना निवृत्तीनंतर झाला नव्हता. तार जुळली आणि त्याच क्षणी खात्याची गाडी येऊन उभी राहिली. चौथ्या दिवशी पोस्टाने नोटीस आली. खात्याच्या मालमत्तेत अनधिकृत व्यक्तीने हस्तक्षेप केल्याबद्दल खुलासा मागवला होता. अनधिकृत व्यक्ती! शेषराव दोन दिवस जेवले नाहीत. भगवंतराव मात्र फुलून आले. खुलाशाचे पाच मसुदे त्यांनी स्वतः केले आणि पाचही सर्व्हरवर ठेवले.

त्यात एप्रिल गेला. मधे कहकशाँ दोनदा म्हणाली, "चाचा, चलो ना वलगाव. मेरी छुट्टियाँ हैं."

"या नोटिशीचं निपटू दे बेटा."

मे महिन्यात अकोल्यात माणूस बारा ते पाच घरात असतो, आणि घरातला असला तरी कूलरपुढे असतो. पारा सेहेचाळीसवर गेला. दुपारी एक वाजला की सर्व्हर घरघरायचा, तापायचा आणि बंद पडायचा. सर्व्हर बंद पडला की नळाचा टाइम दिसायचा नाही, आणि भर उन्हात डोक्याला दुपट्टे बांधून माणसं दारात उभी राहायची. शेषरावांच्या जागी पुण्याचा माणूस असता तर त्याने मशीन उन्हाळाभर बंद ठेवलं असतं. पण वऱ्हाडात तापलेल्या जिवावर औषध एकच.

"कूलर लावा भाऊ," गफ्फारभाई म्हणाले. "मशीन भी आखिर जान है."

घरात कूलर एक होता, मोठा, पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा. तो मैनाबाईंच्या खोलीतून निघाला आणि सर्व्हरपुढे बसला. सर्व्हरचं झाकण उघडून थेट वारं आत सोडलं. शेषराव दर दोन तासांनी ताट्या भिजवत. नळाचं पाणी पुरेना म्हणून बोअरचं घालू लागले. घरभर वाळ्याचा गार सुगंध सुटला. सर्व्हर पाच दिवस असा चालला की जणू चिखलदऱ्याला हवा खायला गेला आहे. मैनाबाई त्याच्यामागे चटई टाकून पडत. "त्याच्या अंगावरून उरलं का मले येते," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

सहाव्या दिवशी दुपारी मशीनमधून बारीक चर्र आवाज आला, मग वास. आत पाहिलं तर सर्किटच्या हिरव्या पाटीवर मिठासारखी पांढरी पुटं चढलेली. बोअरचं खारं पाणी पाच दिवस वाऱ्यावर बसून आत गेलं होतं. गफ्फारभाई आले, त्यांनी पाटीला बोट लावलं, ते जिभेला लावलं. "नमक," ते म्हणाले आणि टोपी सारखी केली.

तेवढ्यात फोन वाजला. नळाचं विचारायला कुणीतरी असेल म्हणून शेषरावांनी मैनाबाईंना घ्यायला सांगितलं. मैनाबाईंनी घेतला. ऐकत राहिल्या. मग फोन ठेवून त्यांनी कूलरचं बटण बंद केलं. खोलीत एकदम शांत झालं.

"वलगावहून होता. जयवंताबाई गेल्या."

खोकला छातीत उतरला होता. अमरावतीच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं होतं.

शेषराव मिळाली त्या पहिल्या बसने गेले. बुद्धवंदना झाली, माती झाली. जमुनाबाई भिंतीला टेकून बसली होती. भावाला पाहून ती रडली नाही. फक्त म्हणाली, "उन्हात काहून आला रे?" शेषरावांनी तिचा हात धरला. खुंट्याचे घट्टे अजून त्या हातावर होते. आपण येऊ शकलो असतो, हे त्यांना कळत होतं. जानेवारीत येऊ शकलो असतो. पण त्या दुःखातही एक विचार त्यांनी स्वतःशी धरून ठेवला. बाई तर आहे अजून. गाणी तर आहेत.

एवढं झाल्यावर तरी माणूस फोन खिशातून काढील आणि बटण दाबील. पण शेषरावांना आता मनापासून वाटू लागलं की गाणी ठेवायची तर अशा ठिकाणी ठेवावी जिथे ऊन, मीठ, मरण काही पोचणार नाही. जयवंताच्या नावाने काम चोख व्हायला हवं. गफ्फारभाईंनी कुठूनशी दुसरी पाटी आणली. जुनी डिस्क काढून दुप्पट मोठी घातली. अर्ज वाचले होते, नळाचं पान वाचलं होतं, लग्नाचा व्हिडिओही वाचला होता. हे सगळं पुरं व्हायला पावसाळा उजाडला. तो तर त्या वर्षी उशिराच आला, आणि पेरण्या दोनदा झाल्या.

पोळा होऊन गेला, तेव्हा शेषराव वलगावला पोचले. सोबत स्वप्निलने पाठवलेला खास माइक. तो त्यांनी बाजेच्या पायाला बांधला, कोंबड्या हाकलल्या, नातवंडांना गप्प बसवलं, आणि खात्यात नवी लाइन सुरू करताना म्हणत तसं म्हणाले, "हां बाई. सोड."

जमुनाबाईने पदर सारखा केला. डोळे मिटले.

"येचता येचता कापूस बाई, भरली माही ओटी..."

आवाज अजून खडखडीत होता. ती थांबली. शेषराव वाट बघत राहिले. श्वास घेत असेल, वय झालं. मग त्यांनी हळूच विचारलं, "पुढं?"

"पुढं जयवंता म्हनते."

"हो, पन ते ओळ?"

"ते तिची हाय."

"तिचीच, पन तुले येत असन ना. तू म्हन. दोघींचं तूच म्हन."

जमुनाबाईने डोळे उघडले. भाऊ काय मागतो आहे हे तिला खरंच कळत नव्हतं. "मले कशी येईन? म्या कायले पाठ करू? ते होती ना म्हनाले."

"अवं बाई, पन्नास वर्सं आयकलं ना तू!"

"आयकलं रे. ते झेलाची तवर मी पुढची ओळ शोधाची. तिचा आवाज थांबला का माहा सुरू. आयकाचं येगळं असते, म्हनाचं येगळं."

मग शेषरावांना आठवलं की ही ओळ आपण ऐकली आहे. गफ्फारभाईंच्या दुकानात, फोनवर, दोघींच्या तोंडून, पूर्ण. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. जयवंताचा आवाज आठवला, त्यातला ओलावा आठवला. शब्द म्हणून फक्त त्रेचाळीस टक्के आठवले.

"दुसरं म्हन बाई," ते म्हणाले.

"दारामंदी निंब माहा, निंबाखाली न्हानी..." आणि पुन्हा ती थांबली. थांबताना तिची मान बाजेच्या उजव्या अंगाला वळायची, आणि बरोबर एका ओळीएवढा वेळ गेला की ती पुढची ओळ उचलायची. मधली जागा ती कधी चुकली नाही. एक क्षणही कमी नाही, जास्त नाही.

"तू झेल ना रे," चौथ्या गाण्याला ती म्हणाली. "कोनीतरी झेल. उगंच हवेत फेकल्यावानी वाटून राह्यलं."

शेषरावांनी घसा खाकरला. जे सुचलं ते म्हटलं. ओटीला मोटी जोडली, मोटीला पेटी. आवाज असा निघाला की हाकललेली कोंबडी परत आली. जमुनाबाई आधी बघत राहिली, मग हसू लागली. "गधड्या, हे का टेलिफोनाचं काम होय?" हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पुसायला तिने पदर तोंडावर घेतला तो बराच वेळ काढला नाही. नातवंडं हसली नाहीत.

संध्याकाळपर्यंत अकरा गाणी झाली. बाकीची तिला सुरूच करता येईनात, कारण त्यांची पहिली ओळ जयवंताची होती.

निघताना ती म्हणाली, "झाली का मंग तुही जागा तयार?"

"झाली बाई."

"बरं झालं," जमुनाबाई म्हणाली. "लय मेहनत घेतली तू."

ती हे टोमण्याने म्हणाली असती तर बसमध्ये शेषरावांना जरा सोपं गेलं असतं.

अकोल्याला आल्यावर कहकशाँ आली. अकरा गाणी सर्व्हरवर चढायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मैनाबाई तूरडाळ निवडत बसल्या होत्या, त्यांचा हात चालला होता. शेषरावांनी सांगितलं तसं कहकशाँने फोल्डरला नाव दिलं, 'जमुना जयवंता'. मग तिने कानाला हेडफोन लावून पहिलं गाणं ऐकलं. कपाळाला आठी घालून मागे-पुढे करून पाहिलं. पडद्यावर आवाजाची रेघ दिसत होती, डोंगरासारखी वर जायची आणि मग लांबवर सपाट व्हायची, पुन्हा डोंगर, पुन्हा सपाट.

"चाचा, यात बीच बीच में आवाज गेला आहे. माइक लूज असेल. ही खाली जागा मी काटून टाकते. गाणं एकसंध होईल, और जगह भी बचेगी."

शेषराव त्या सपाट रेघेकडे बघत राहिले.

"नको काटू," ते म्हणाले. "जागा लय हाय, बेटा."